पोटातलं यीस्ट आणि घरातली फितुरी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.२०
आजपासून! तीन वर्षं पोट फुगतंय, त्याचं कारण अखेर एका व्हिडिओत सापडलं. यीस्ट. उठल्या उठल्या ग्लासभर पाण्यात थुंकायचं. धागे खाली उतरले, तर आतड्यात यीस्ट माजलंय. उतरले. चांगले आठ. म्हणजे आजवर मी जे जे प्रेमाने खाल्लं, ते दुसरंच कुणीतरी खात होतं. माझ्या पोटात राहून माझाच घात.
निश्चय : चाळीस दिवस साखर, पाव, फळं, चीज, मशरूम, व्हिनेगर बंद. एकाने खायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं, हे घरात जमायचं नाही. म्हणून सगळ्यांचंच बंद. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बघू." म्हणजे हो.
कंबर ४१. शिंप्याचा टेप आहे, खोटं चालत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
कच्च्या लसणाच्या चार पाकळ्या, वर चमचाभर खोबरेल. दुकानात एका गिऱ्हाइकाची छाती मोजत होतो, तर तो श्वास रोखून उभा. माप दोन इंच जास्त आलं. भागीदार म्हणाला, काही दिवस मापं मी घेतो, तू कापायला बस. बावीस वर्षांची भागीदारी आणि हे फळ! (फळंही बंदच आहेत म्हणा.)

६ फेब्रुवारी, गुरुवार
डोकं ठणकतंय. लेकीवर ओरडलो. इस्त्रीवरही. व्हिडिओवाला सांगतो, यीस्ट मरताना विष सोडतं. त्रास वाढला की समजायचं, उपाय लागू पडला. फारच छान चाललंय.
कंबर ४१॥. मेलेलं यीस्ट फुगत असणार.

९ फेब्रुवारी, रविवार
स्वयंपाकघराची सफाई. जॅम, मध, केळी, बिस्किटं, दोन पाव, सगळं बाहेर. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मग सकाळी पोस्टात कामावर जाताना मी काय खाऊ?" उकडलेला दुधी खा म्हटलं. ती वळून बाहेर गेली. पटलं असावं.
लेक विज्ञान शिकते, त्याचा भारी तोरा. म्हणे, "बाबा, लाळ आहे ती. कुणीही थुंकलं तरी धागे दिसतात." आणि ग्लास घेऊन करून दाखवलं. दिसले. मग बायकोला थुंकायला लावलं. तिचेही दिसले.
मी हादरलोच. तिघांच्याही पोटात!
भात आणि बटाटाही आजपासून बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी
जिभेवर पांढरा थर. बायको पोस्टातून आली तेव्हा दारातच जीभ काढून दाखवली. तिने धड पाहिलंसुद्धा नाही. तिच्या कपाळाला चिकटपट्टी होती. आपलंच लक्ष नसलं की लागतंच कुठेतरी. या लढाईत मी एकटा आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दुकानाचा वाढदिवस. भागीदाराने केक आणला आणि माझ्यादेखत कापला. सगळं ठाऊक असून! दोन तुकडे खाल्ले, पण रागाने. रागाने खाल्लेलं अंगी लागत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली. यीस्ट कुठेच नाही! पुडा दुकानातल्या खणात, कात्र्यांच्या मागे ठेवलाय. घरी सांगणार नाही. त्यांचा निश्चय ढळेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.
दुपारी सव्वा वाजता बटणं आणायला बाहेर पडलो. पोस्टासमोरच्या बेकरीत, काचेला लागून, माझी बायको. एकटी. हातात बन. बनवर साखरेचा थर. दोन्ही हातांनी धरून खात होती. संपल्यावर बोटं चाटली. मग दुसरा मागवला.
मी समोरच्या फुटपाथवर खांबासारखा उभा. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. बटणं न घेताच परतलो. खणातली चार बिस्किटं खाल्ली. मन थाऱ्यावर नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
अबोला धरलाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अबोला तिच्या लक्षात आलेला नाही. उद्यापासून दारं आपटणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दारं आपटूनही उपयोग होईना. शेवटी जेवताना काढलंच. मंगळवार, सव्वा वाजता, दोन बन. याला फितुरी म्हणतात, असंही सुनावलं. वाटलं, रडेल, माफी मागेल. मी माफ करणार होतो.
तिने चमचा खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही.
"त्याच्या आधीच्या मंगळवारी मी काउंटरवर चक्कर येऊन पडले. टेबलाची कड कपाळाला लागली. पोस्टमास्तरांनी डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, रक्त खूप कमी झालंय, उपाशी राहू नका. घरी आले, तर तुम्ही जीभ काढून दारात उभे."
मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?
"तुम्ही विचारलंत?"
लेकीला ठाऊक होतं. भागीदारालासुद्धा. फक्त मला नाही. म्हणजे खरी फसवणूक झाली ती माझी.
असं लिहिलं खरं. पुन्हा वाचलं, तर बरं नाही वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
तिच्याच डॉक्टरांकडे दोघं गेलो. माझ्या तपासण्या शनिवारी झाल्या होत्या. रिपोर्ट स्वच्छ. यीस्ट वाढलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही भराभर जेवता, घासाबरोबर हवा गिळता. सावकाश जेवत जा." हवा! तीन वर्षं नुसती हवा.
मग त्यांनी मला विचारलं, यांना दम कधीपासून लागतो? भूक कशी आहे? वजन किती उतरलं? एकाचंही उत्तर येईना. बायकोच देत गेली, हळूहळू. दम चार महिन्यांपासून लागतोय. म्हणजे माझ्या व्हिडिओच्याही आधीपासून.
मी तिच्या कोटाकडे बघत बसलो. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. रस्त्यातल्या परक्या माणसाचं माप मी नजरेने सांगतो. हा कोट मीच शिवलाय, तिच्या अंगाबरोबर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
ती बहिणीकडे गेली, पंधरा दिवसांसाठी. म्हणाली, "तिथे जरा खाऊन-पिऊन येते." लेकही सोबत गेली. मी बॅग खाली नेऊन दिली. बॅगही हलकीच होती.
आज घरात कुणी नियम मोडला नाही. घरात कुणी नाहीच.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७
फोन केला. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवलं होतं. माझ्या पोटाचा विषय काढायचा नाही, हे पहिलं. विचारलं, "काय खाल्लंस आज?"
पलीकडे बशी खणकली. मागून मेहुणीचा आवाज आला, "अगं, केकचा अजून एक तुकडा घे की!"
बायको घाईघाईने म्हणाली, "गोड काही नाही हो. खरंच नाही."