आचारी आबा गेले तेव्हा

नाना, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत किती उन्हाळे ढकलले. आधी कागद नव्हता, मग मी कुठल्याशा जत्रेत रमलो, मग वाटलं, गेलेल्या माणसाला घाई कसली. आज लिहितोय, कारण विचारायला दुसरं कुणी उरलं नाही. पाचोऱ्याबाहेरच्या आमराईत तुमचं शिबिर भरलंय, चाळीसेक पोरं आहेत, आणि यंदा ते माझ्या गळ्यात आहे. हो, माझ्याच. तीनदा शाळा सोडलेल्याच्या.

मदतनिसांत धुळ्याच्या कॉलेजातला एक जण आहे. आवाज खणखणीत, कवायत अशी की झाडंही सरळ उभी राहावीत. त्याच्या आवाजावर भाळून मीच त्याला निवडला. परवा त्यानं नियम काढला, स्वराज्यात श्रमाला लहानमोठं नाही, स्वयंपाकही पोरं आळीपाळीनं करतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तुमचे जामनेरचे आचारी आबा पीठ मळता मळता थांबले. स्वतःच्या पिठाळ हातांकडे बघत म्हणाले, "मना हातले काय व्हयनं?" कॉलेजवाला समजावत राहिला, आबा, यात तुमचा मानच आहे, तुम्ही आराम करा. आबांनी उलथणं धुतलं, झोळीत टाकलं आणि स्टेशनची वाट धरली. मी मध्ये उभा. मला दोघांचंही खरंच वाटत होतं.

पोरांच्या भाकरी बाहेरून कोळसा, आतून ओलं पीठ. काल निम्म्यांची पोटं बिघडली. आज सकाळी मुरमुरे, दुपारी शेजारच्या मळेवाल्यानं दिलेली केळी. एका पोराचा बाप भेटायला आला, सालींचा ढीग बघून म्हणाला, "शिबिर शे का माकडेसनी शाळा?" उद्या तो त्याच्या गावची बठ्ठी, एकूण एक पोरं घेऊन जाणार. ती गेली की बाकीची कशाला थांबतात? आणि एकदा मोडलेलं शिबिर पुन्हा कोण भरवू देतो?

तुम्ही मला धुळ्याच्या स्टँडवर उचललंत, आठवतं? मी गारुड्याचा खेळ बघत होतो. (तो गारुडी मला पुढे यावलला भेटला, साप मेला होता त्याचा. असो.) वाटलं होतं, तुम्ही माझं गाणं ऐकाल. तुम्ही मला आबांपुढे कांदे सोलायला बसवलंत. दिवसभर. एकही पोर दाखवलं नाही. संध्याकाळी आबांना विचारलंत, हा चालेल का? आबा म्हणाले, "बोलस भलता, पन ऐकस बी." तेवढ्यावर मी लागलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी तुम्हाला स्वयंपाकघरात माणूस कमी होता.

आणि ती दुपार. आंब्याच्या सावलीतही जमीन भाजतेय, पोरांना झोप येत नाही म्हणून मी हातवारे करून गोष्ट सांगतोय, पोरं उड्या मारतायत. तुम्ही येता. म्हणता, "झोप." मी म्हणतो, नाना, पोरं झोपत नाहीत. "त्यांना नाही, तुला सांगतोय." मी चिडून आडवा होतो. घटकाभरात सगळी आमराई गप्प. आजही तेच करून पाहिलं. आडवा झालो, डोळे मिटले. किलकिले करून बघतो तर पोरं माझ्याभोवती उकिडवी बसलीत, मी उठून खायला कधी देतो याची वाट बघत. नाना, उपाशी पोरांपुढे कसं झोपायचं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

थांबा, टांगा वाजला. वाटलं, बाप आजच आला न्यायला.

अक्का आल्यात. तुमच्याच अक्का. तुम्ही होता तोवर एकदाही शिबिरात फिरकल्या नाहीत, शिबिराला सवत म्हणायच्या. आबांनी जामनेरला त्यांच्याच ओट्यावर गाऱ्हाणं घातलं असणार, कारण टांग्यात मागे आबा बसलेत, तोंड फिरवून. अक्कांनी उतरता उतरता मला विचारलं, "पीठ कोठे शे?" मला माहीत नव्हतं. आबा तोंड न वळवताच म्हणाले, "मोठा पातेलाखाले."

एक सांगायचं राहिलं. मी सकाळीच पिशवी भरली होती. उद्या तो बाप यायच्या आत निघणार होतो. अक्का आता त्या पिशवीवरच बसल्यात, आणि कॉलेजवाल्याला नि मला कांदे सोलायला बोलावतायत.