गोटीराम तात्यांची तोफ

पंचवटी, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पाकिटावर तिकीट उलटं चिकटवलेलं होतं, याचा तीव्र निषेध नोंदवून पुढे लिहितो.

तापामुळे गोटीराम तात्यांचा दहावा तुला चुकला. सुटलीस. कावळा शिवायच्या आत आपल्या गल्लीतल्या शेखरने माईक धरला. फ्लेक्सवर हा 'भावी नगरसेवक' सहा फुटी आणि तात्या टिकलीएवढे. तात्यांनी म्हणे भर समुद्रात तोफ डागून शत्रूची बोट बुडवली. नौदलाच्या जहाजावर पंधरा वर्षं ज्याने पोळ्या लाटल्या, त्याच्याबद्दल हे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या. मी मागच्या मागे उठून निघालो.

काकू नवऱ्याच्या फोटोपाशी पुढेच बसली होती. तेरावा झाला की तिला चार दिवस तुझ्याकडे पाठवतो.

लोभ चालू दे, थट्टेसकट.

सोमनाथ

चांदवड
१७ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काकू पोचली, पण तात्यांचा फोटो पिशवीतून काढू देत नाही. म्हणते, पंचेचाळीस वर्षं हा माणूस अर्धा कप चहा प्यायला, भरला कप जहाजात सांडतो म्हणाला. जमीन हलंल म्हणून चुलीपाशी पाय फाकून उभा राहायचा. सगळं सांगितलं आणि तोफेचं तेवढं लपवलं. अजून काय काय लपवलं असंल.

शेखर थापाड्या आहे म्हटलं, तर पटत नाही. त्याच्या हातातला कागद म्हणे सुबक अक्षरात लिहिलेला होता, असले जड शब्द शेखरला सुचायचे नाय. तुझ्यावर तिचा भरवसा आहे. संस्कृतचे मास्तर, रविवारी या आणि तिला तिचा नवरा परत द्या. नाक घरी ठेवून ये, इथे कांद्याचा वास आहे.

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

मनीषा

पंचवटी
२४ फेब्रुवारी

चि. सौ. मनीषा हिस आशीर्वाद. वि. वि.

काल आलो नाही. एसटी होती, तब्येतही ठणठणीत होती.

तो कागद माझा. दहाव्याच्या आदल्या दिवशी शेखर आला, म्हणाला, सर, भारदस्त चार ओळी द्या. स्वयंपाकघर भारदस्त दिसेना, म्हणून मी तात्यांना तोफेपाशी उभं केलं. शत्रूच्या बोटीला 'अरिनौका' हा शब्द सुचला आणि त्याच्या हौसेपायी एक बोट बुडवली. टाळ्या पडल्या तेव्हा उठून निघालो हे खरं, पण त्याआधी क्षणभर छाती फुगली होती. त्याची किळस जात नाही. शेखर शेखरसारखा वागला. तात्यांच्या घरी राहून, त्यांच्या हातचं खाऊन मी शिकलो, आणि मलाच त्यांच्या पोळ्यांची लाज वाटली.

येत्या रविवारी येतो. तिला आधी काही सांगू नकोस. ती शिव्या देईल, त्या मी ऐकेन. भीती वेगळीच आहे. ती म्हणेल, सोमा, माझं मन राखायला खोटं बोलतोस. तसं झालं तर तात्यांना परत कसं आणायचं, मला माहीत नाही.

तरीही लोभ ठेव.

सोमनाथ