काष्टीच्या लिंबाखालचा निरोप

काष्टी, १९७३

चांदभाई, कारभारी मास्तरचा सलाम.

आठ वर्षांमागं जत्रेत दोन बँड समोरासमोर वाजले, त्याच लिंबाखाली बसलोय. आधी थांबंल तो हरनार हुता. आपल्या बँडात तुमचा ढोल लई रंगला हुता. तवाच तुमचा भाऊ नूरुद्दीन माझ्या कानाला लागला, "मुबारकभाभी जायला लागल्यात, चांदभाईला सोडा." मी क्लॅरिनेट तोंडातनं काढली न्हाई. जिंकल्यावर म्हनलो, "निरोप आत्ताच आला."

भाभी तुमाला जित्या दिसल्या न्हाईत. निरोप मास्तरला कवाच दिला हुता, हे नूरुद्दीननं खरं सांगितलं, पन तुमी माझं मानलंत. त्याचं तोंड बघनं टाकून काष्टीत राहायला आलात.

आता नूरुद्दीन शेवटच्या घटका मोजतोय. तुमी माझंच ऐकता, म्हनून बोलवायला त्यानं मलाच धाडलंय. तुमचं घर हाकेवर हाय.

सकाळधरनं बसलोय, चांदभाई. ऊन उतरलं, आन् मी आजून उठलो न्हाई.

कारभारी