रेझिनचे मणी आणि तीन नंबरची शेड

१४ जाने. ९२, डोंबिवली
नवं रेझिन चाललं! मोहरीएवढे पिवळे मणी, त्यांना अमाइन जोडलेलं, खरं काम तेच करतं. नळीत भरले, वरून एक कार्बोनेट नि मेथॅनॉल सोडलं. खाली आपल्याला हवं ते कार्बोनेट उतरलं. फॉस्जीनला हातही न लावता. देसाईसर चक्क हसले. प्लँटवर गेलं तर त्या विषारी गॅसची तीन नंबर शेड बंद.

१६ जाने.
तीन नंबरचे ऑपरेटर म्हात्रे लॅबच्या दारात. नऊ वर्षं त्या गॅसवर. दोन जिने चढून धाप. "बाई, तुमचं मणी कवा येनार?" म्हटलं, पावसाळ्याआधी. बोलायला नको होतं.

२७ जाने.
चौदावा दिवस. उतारा निम्म्यावर. पंप ठीक, तापमान ठीक. म्हात्रे नमुना द्यायला आलेले, नाक वर करून म्हणाले, "बाई, डब्यान सुकट आनली काय?" बाटली हुंगली. खरंच मासळी. अमाइन सुटून मालात उतरतंय. म्हणजे मणी मरताहेत. म्हात्र्यांना म्हटलं, काही नाही हो.

३० जाने.
तापमान उतरवलं की मणी टिकतात, पण माल होत नाही.
सर : "पहिल्या पाच दिवसांचे आकडे लाव. मंजुरी मिळू दे, बाकी मागाहून."
"आणि प्लँटवर बंद पडलं तर?"
"नाहीतर प्रोजेक्ट आत्ताच बंद. शेड तशीच चालेल. ते हवंय तुला?"
 डबा तसाच घरी.

४ फेब्रु.
पाच दिवसांचा रिपोर्ट टाइप केला. वाचला. फाडला. सगळ्या दिवसांचा दिला. सरांनी मान वर न करता सही केली.

११ फेब्रु.
डायरेक्टरांनी काम थांबवलं. तीन नंबरला गॅसची आणखी एक टाकी बसणार. म्हात्र्यांना मीच जाऊन सांगितलं. ओरडतील वाटलेलं. हळूच म्हणाले, "तुमाला कललं तवाच सांगाचं ना बाई. बदलीचा अर्ज टाकला असता. आता तारीख गेली."
डायरेक्टरांना खरं सांगितलं, म्हात्र्यांना नाही. का?

१९ फेब्रु.
सर आठवडाभर बोललेले नाहीत. परवा टेबलावर त्यांची चिठ्ठी : "अमाइन लांब साखळीवर बसवून बघ, उष्णतेत सुटणार नाही कदाचित. मंजुरी नाही. जबाबदारी माझी." दोन दिवसांत नवे मणी केले, आज नळी भरली. म्हात्रे रजेवर, कल्याणला छातीचा फोटो काढायला गेलेत म्हणे. पहिला नमुना चार वाजता.