मोरूची शाळा, रंगूची शाळा

३ फेब्रुवारी १९३१
मोरूला खाजगी शाळेत घातला! ह्यांनी मला न विचारता. म्हणे, "तिथं टोपी हाय, इंग्रजी हाय. चौलच्या बाजारात पोरगं उठून दिसंल." आणि रंगूला? "तिला लोकल बोर्डाची फुकटची शाळा पुरे." खाजगीत मुली घेतच नाहीत.

५ फेब्रुवारी
स्वतः जाऊन दोन्हीकडे बघितलं. बोर्डाची शाळा देवळाच्या ओवरीत, खाजगी धर्मशाळेत — मधे एक विहीर. बोर्डातले गुरुजी पाढे छडीनं शिकवतात. खाजगीतले दत्तात्रेय मास्तर पण छडीनंच. फक्त मार खायच्या आधी पोरांनी "गुड मॉर्निंग" म्हणायचं. याची फी!

१२ फेब्रुवारी
मोरूला सात सत्ते येईना. रंगू चुलीपुढून म्हणाली — एकोणपन्नास. हे खेकसले, "तुला कोणी विचारलं?" मला दुसरीतून काढून बोहल्यावर उभी केली, तेव्हा माझा बाप अस्साच खेकसला होता. रंगूची चौथी झालीच पाहिजे. मग काय ते लग्न.

२ मार्च
तपासणीचे साहेब आलेत. आज बोर्डात, उद्या खाजगीत. रंगूनं सगळी उत्तरं दिली. साहेब म्हणाले, "ठीक." बस्स!
दिवेलागणीला दत्तात्रेय मास्तर दारात. त्यांची अर्धी पोरं सुपारी सोलायला गेलेली, पटावर मात्र सगळी हजर. "वहिनी, उद्यापुरती रंगू द्या. मुलगा म्हणून बसवतो." हे लालबुंद झाले. मास्तर म्हणाले, मोरूला पास करतो. हे म्हणाले, "न्या."
म्हटलं, आणि वेण्या?
"टोपीत."

३ मार्च
धर्मशाळेच्या खिडकीमागे उभी राहिले. रंगूची चमकी काढली होती, पण नाकाचं भोक कुठे लपवू? साहेबांनी नेमकं तेच बघितलं. "हे काय?" मास्तर घामेघूम. "साहेब, ह्याच्या आईची आधीची मुलं जगली नाहीत. दृष्ट नको म्हणून नाक टोचलं. नाव नथू." मेल्यानं माझी मुलं मारली! आणि मोरू शेजारीच बसलाय, शेंगा खात!
साहेब पुढे वाकले. मग हळूच स्वतःच्या नाकाला बोट लावलं — तिथंही भोक! म्हणाले, "आमचंही तसंच हो." डोळ्यांत पाणी.
मग प्रश्न. कालचेच. रंगूनं उत्तरंही कालचीच दिली. "शाब्बास नथू! काल बोर्डात एक मुलगी होती, तिची नुसती घोकंपट्टी. हा विचार करतो!"

४ मार्च
अजून हसतेय. भात करपला.

९ एप्रिल
हुकूम आला. खाजगीला ग्रँट. बोर्डाची शाळा बंद — पट कमी, अभ्यास साधारण. गुरुजींची बदली झाली. मुलींना शिकायचं तर आता अलिबाग गाठायचं. हसू कुठल्या कुठे गेलं.
तशीच मास्तरांकडे गेले. म्हणाले, "मुली घ्यायचा नियम नाही, वहिनी." आणि नथू? "नथूनं कधीही यावं! साहेब विचारतात त्याला."

१० एप्रिल
रंगूच्या वेण्या कापल्या. हे अंगावर धावून आले, "लग्नाआधीच पोरीला सोवळी केलीस!" रंगू आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, टोपी दे.
तेवढ्यात शेजारची आवडाबाई कुंपणातून आली, दोन्ही मुलींना हाताला धरून. वाटलं, भांडायलाच आली. मुलींना माझ्यापुढे बसवलंन् आणि म्हणाली, "कात्रीला धार हाय ना गं?"