प्रेस केलेली जाळी

मी, अलका दत्तात्रय गावंडे, वय वर्षे एकोणसत्तर, गणिताची निवृत्त शिक्षिका, राहणार पांढुर्णा, माहेर मोहगाव, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या शब्दांत लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचं वाचून घरचे आधी तिच्याबद्दलच शंका घेतील. वकील हिमानी, माझीच जुनी विद्यार्थिनी, म्हणाली, "बाई, हिंदीत लिहा न, ऑफिसात सोपं जाते." मी नाही म्हटलं. राग ज्या भाषेत आला त्याच भाषेत उतरवलेला बरा. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. तिगावची दोन एकर संत्र्याची वाडी माझी मुलगी अमृता हिला द्यावी. ती नागपूरला असते. माझे घड्या घातलेले कागद पाहून ती म्हणाली होती, "आई, याचे लॅम्पशेड करून ऑनलाइन विकू." मला राग आला होता. पण निदान विकण्याजोगं काहीतरी आहे असं तिला वाटलं. या घरात तेवढंही कोणाला वाटलेलं नाही.

२. माझ्या पाटल्या आणि गोफ सून दिपाली हिला. तिच्याबद्दल तक्रार नाही. त्या कागदांवरची धूळ झटकताना ती विचारते, "आई, याले हात लावू का?"

३. माझे दीर रघुनाथराव यांना एक कोरा कागद. माझे पती चार वर्षं लकव्याने अंथरुणावर होते. त्या चार वर्षांत रघुनाथराव मोजून पाच वेळा आले, दर वेळी चहाला साखर कमी म्हणाले. तेराव्याच्या जेवणाला पंगतीत बसून मात्र मोठ्याने म्हणाले, "दादा तिकडे पडून होते आन् वहिनी इकडे पुड्या बांधून राहिल्या होत्या." मी वाढत होते. वाढतच राहिले. आता त्या कागदाची त्यांनी स्वतः एक पुडी बांधावी आणि तीत घरचं मीठ भरून ठेवावं. ती सुटू नये.

४. आता मुद्द्याचं. कोर्टाला कळावं म्हणून सांगते, मी पुड्या बांधत नव्हते.

यांच्या औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद निघतो. तो एकदा उघडला की परत खोक्यात बसत नाही. एका दुपारी मी तो त्याच्या मूळ घड्यांवरून परत बसवला. यांनी डाव्या हाताने, चालत होता त्या हाताने, माझ्या गुडघ्यावर थाप मारली. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले. तिथून सुरुवात झाली. मोबाईलवरच्या व्हिडिओत कागदाला घड्या घालणाऱ्या कुठल्याशा परदेशी बाईचे नुसते हात दिसायचे. ती बोलत नव्हती, म्हणून भाषेची अडचणच नव्हती.

या कलेत कात्री नाही, गोंद नाही. एकच कागद. त्याचं अर्ध, अर्ध्याचं अर्ध, असं सहा वेळा केलं की एका बाजूचे चौसष्ट भाग होतात. मग आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांवर घड्या घालायच्या आणि चार घड्या एकदम पिळायच्या. मध्ये छोटा चौकोन गिरकी घेऊन सपाट बसतो. एक चुकला की शेजारचा बसत नाही. एकतीस वर्षं मी मुलींना भूमिती शिकवली. ती बोटांना पहिल्यांदा या वयात कळली. चौकोन बसतो तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, देवळातही नाही. यांना पुसून, भरवून, कूस बदलून झाल्यावर तासभर माझं असं काही होतं. मी त्याला जाळी म्हणते, कारण उजेडासमोर धरली की तशी दिसते.

माझी सगळ्यात मोठी जाळी नागपूरहून आणलेल्या सव्वा मीटर चौरस कागदाची. आठ ओळी, प्रत्येकीत आठ चौकोन. कागद हलू नये म्हणून त्याचं एक टोक यांच्या डाव्या हाताखाली ठेवायचे. अकरा महिने ते टोक यांनी धरलं. हात थकला की "हं" म्हणायचे, आम्ही थांबायचो. पाच ओळी झाल्या आणि ते गेले. उरलेल्या तीन मी टोकावर वरवंटा ठेवून पुऱ्या केल्या. तयार जाळी उशीच्या अभ्र्याएवढी झाली.

५. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधल्या शनिवारी मी जामसांवलीला दर्शनाला गेले होते. घरी पाहुणे येणार होते. माझा मुलगा तुषार याने पडदे आणि चादरी प्रेसला दिल्या आणि त्यांच्यासोबत कपाटावरची ती मोठी जाळीही नेली. मी परत आले तेव्हा पलंगावर सव्वा मीटरचा सपाट कागद अंथरलेला होता.

तुषार आनंदात होता. म्हणाला, "आई, पूर्ण चुरगळला होता न तो कागद. राजूभाऊकडून मस्त सरळ करून आणला."

त्याने ते प्रेमाने केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर ओरडता आलं नाही. पण हा मुलगा त्याच घरात राहत होता. औषधं त्याच्याच दुकानातून यायची. तो रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून विचारायचा, "बाबा, ठीक?" आणि हातातल्या मोबाईलकडे बघत आत जायचा. त्याच्या बापाच्या हाताखाली काय आहे, हे त्याने अकरा महिन्यांत एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला ते चुरगळलेलं वाटलं नसतं. कागद मोडला म्हणून मी रागावले नाही. त्याने कधी पाहिलं नाही म्हणून रागावले, आणि हे त्याला तोंडावर सांगणं मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मला ती जाळी परत घालता आली असती. प्रेसने कागद सपाट होतो, घडी जात नाही. मी घातली नाही. हट्ट होता. आता बोटं आखडली आहेत, चमचा धरतानाही त्रास होतो.

६. राजू शालिकराम उईके, चौकातला प्रेसवाला, याच्याकडे मी दोन महिने कपडे पाठवले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर तो स्वतः दारात आला. हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर एक चौकोन पिळलेला.

"बाई, थे असंच होतं न?"

गिरकी उलटी होती, पण चौकोन बसला होता. मी विचारलं, कोणी शिकवलं? तो म्हणाला, "मोडता मोडता पायलं. पंधरा मिनटं नुसता पाहून राहिलो होतो, बाई. उजेडात धरला. तुषारभाऊले म्हटलं, हे बिघडलेलं नाही वाटत, कोनं तरी बनवलं हाय. थे म्हने, कागदच तं हाय, मारा प्रेस. माहा हात मानत नव्हता."

जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाला ती घडी कळली. तेव्हापासून तो दुपारी निखारे विझले की तासभर येतो. माझी बोटं चालत नाहीत, मी सांगते, तो घालतो. माझी घडी दाबायची शिंगाची पट्टी, स्टीलची फूटपट्टी आणि रेघ दाबायचे शाई संपलेले पेन मी काल त्याला देऊन टाकले, म्हणून ते या कागदात येत नाहीत.

माझ्या बाकीच्या एकतीस जाळ्या आणि तो प्रेस केलेला कागद राजूला द्यायचा आणि साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच घ्यायची, असं मी ठरवलं होतं. हिमानी म्हणाली, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिलं की पुढे वाद निघतो, दोन्हींपैकी एकच करा. मी राजूला विचारलं. त्याने बराच वेळ हात पुसले.

"मले कागद नका देऊ, बाई. सही करू द्या. कागद तं म्या बी बनवीन. पन थो कागद जाळी होता म्हनून सांगनारा कोन हाय?"

७. म्हणून हे राहतं घर आणि सर्व जाळ्या तुषार याला, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत त्याने तो प्रेस केलेला कागद घेऊन राजूच्या दुकानाशी जावं. राजू जुन्या घड्यांवरून जाळी परत घालील. चौसष्ट चौकोन होईपर्यंत, दोन दिवस लागोत की चार, तुषारने तिथे उभं राहावं. कागदाचं एक टोक त्याने डाव्या हाताखाली धरायचं. मोबाईल घरी ठेवायचा. हात थकला तर "हं" म्हणावं, राजू थांबेल. तुषार गेला नाही, तर घरही अमृताचं.

हिमानी म्हणते, असलं कलम कोर्टात टिकणार नाही. न टिको. तुषारला ते वाचावं तर लागेल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे. सही वाकडी आली आहे. ती बोटांमुळे, मनामुळे नाही.

अलका दत्तात्रय गावंडे
पांढुर्णा, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश
दिनांक १९ जानेवारी २०२६

साक्षीदार १: प्रकाश महादेवराव घागरे, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. जाळीबद्दल मला माहिती नाही.

साक्षीदार २: राजू शालिकराम उईके, प्रेसवाला. बाईनं माह्यासमोर सही केली. जाळी म्या पायली होती.