फाटकाशी राहिलेल्या आई

ती. ताईंना,

परक्या मुलखातल्या एका शेतघराच्या स्वयंपाकघरातून हा नमस्कार निघाला आहे. टेबल एका पायाने लंगडं आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं (म्हणजे नेहमीपेक्षा वाकडं) तर दोष टेबलाला द्यावा. तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजूनही तो त्यांच्याआधी खोलीत शिरतो? आम्ही तिघंही धडधाकट आहोत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमचं खणखणीत "हं, बोल" ऐकलं की माझा मुद्दा पळून जातो आणि मी हवापाण्याबद्दल बोलत बसते. विषय तर महत्त्वाचा आहे. पुढच्या महिन्यात आई कायमच्या तुमच्याकडे राहायला येणार. तुम्ही त्यांच्यासाठी खोली रंगवलीत, पलंग खिडकीशी लावलात, न्हाणीघरात धरायला दांडीसुद्धा बसवलीत. (दांडीचा फोटो आई सगळ्यांना दाखवतात. विमानात शेजारच्या झोपलेल्या माणसाला उठवून दाखवला.) तुम्ही त्यांची लेक, तुम्हाला मी काय सांगणार? पण लग्न झाल्यापासून तुम्ही त्यांना सुट्टीपुरतं पाहिलंत, आणि सुट्टीत सगळीच माणसं बरी असतात. रोजच्या आई काय चीज आहे याची तुम्हाला थोडी कल्पना असावी, एवढ्याच शुद्ध हेतूने लिहिते आहे.

तर, आई जाण्याआधी तिघांनी एकदा लांब कुठेतरी जावं, ही कल्पना तुमच्या बंधुराजांची. मोठ्या रस्त्याने काय कोणीही जातं, आपण आडरस्त्यांनी जाऊ, हीही त्यांचीच. त्यासाठी त्यांनी चारही चाकांनी ओढणारी एक अवाढव्य गाडी भाड्याने ठरवली. म्हणजे कोण, तर घरून वाण्याकडे जाताना खड्डा दिसला की जे स्कूटरवरून उतरून त्याची पाहणी करतात, ते. गाडी इतकी उंच की आईंना चढवायला मी खालून ढकललं आणि ह्यांनी वरून ओढलं. वर बसून श्वास जागेवर आल्यावर आईंनी गाडीचं नाव ठेवलं, जावईबापू. का, तर पोटाला भरपूर लागतं, सारखा गुरगुरतो आणि तरी सगळ्यांनी त्याला जपायचं. (भावोजींनी मनावर घेऊ नये. नाव त्यांच्या सासूने ठेवलं आहे, मी नाही.)

अबोला मात्र गाडी हलायच्या आधीच सुरू झाला. गाडी देणाऱ्याचं ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीवर किल्ल्यांच्या खुंट्या आणि टायरचा वास. त्याने सहज विचारलं, नकाशा कोण बघणार? हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही बघेल, पण हिला उजवं कोणतं ते कळायला आधी जेवायला बसवावं लागतं. गाडीवाला हसला. तो हसला ते एक वेळ ठीक, पण मागे पावत्या लावत बसलेली त्याची बायकोही हसली! मी तिथल्या तिथे तोंडात मिठाची गुळणी धरली.

आमच्या घरचा अबोला तुम्ही पाहिलेला नाही, कारण पाहुणे आले की आम्ही तो कपाटात ठेवतो. त्याचे नियम पक्के आहेत. स्वयंपाक होतो, डबा जातो, कपडे वाळत पडतात, फक्त बोलायचं ते आईंच्या मार्फत. "आई, ह्यांना सांगा, भाजी संपली." "आई, तिला सांग, पातेलं मलाही दिसतंय." घरात हे छान चालतं. भाजीला घाई नसते. वळणाला असते, हे आम्हाला इथे येऊन कळलं.

हे चालवताहेत, शेजारी मी मांडीवर नकाशा घेऊन, मागच्या सीटवर मधोमध आई. मी म्हणते, "आई, ह्यांना सांगा, पुढच्या फाट्याला डावीकडे." ह्यांचा कान माझ्यापासून हातभर अंतरावर, पण निरोप आल्याशिवाय तो ऐकत नाही. आणि आई काही नुसत्या निरोप्या नव्हेत. निरोप हातात आला की त्या तो तांदळासारखा सुपात घेतात, पाखडतात, खडे निवडतात आणि मग पुढे देतात. "अरे, ती म्हणते, किती वेळ चालवतोयस, खांदे भरून आले असतील."

"बरं. आणि?"

"आणि पाणी पी म्हणते."

"आणि?"

"आणि डावीकडे."

तोवर फाटा मागे जाऊन दिसेनासा झालेला. मग हे दात ओठ खात म्हणायचे, "आई, तिला सांग, तो नकाशा आहे, चादर नव्हे, सारखा झटकू नकोस." ते माझ्यापर्यंत येईतो, "तो म्हणतो, नकाशा किती छान धरलायस गं!" काही निरोप तर त्या देतच नाहीत. "आत्ता नको, त्याच्या कपाळाला आठी आहे. आठी गेली की सांगते." ह्यांची आठी जाण्याची वाट बघत आम्ही एक अख्खी दरी ओलांडली, ताई. नकाशात ती दरी आमच्या रस्त्यावर नव्हतीच.

दरीपलीकडे कच्चा रस्ता लागला आणि त्यावर फाटकं. गुरं भटकू नयेत म्हणून शेताशेताला एक. उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पुढे काढायची, पुन्हा लावायचं. पहिल्या फाटकाशी गाडी थांबली आणि आम्ही दोघंही समोर बघत बसलो, कारण जो उतरेल तो हरला. शेवटी आई म्हणाल्या, "बसा तुम्ही राजा-राणी, मीच जाते." आणि गेल्या की! परत चढायचं कसं, तर फाटक लावून त्याच्याच आडव्या दांड्यांवर पाय देत त्या वर चढल्या आणि टणकन गाडीत. सकाळी त्यांना ढकलताना माझा खांदा निखळायचा राहिला होता. पुढच्या फाटकापासून तर त्या गाडी थांबायच्या आत दार उघडायला लागल्या. (न्हाणीघरातल्या दांडीबद्दल मी काहीच म्हणत नाही.)

आता मन घट्ट करा. एका फाटकापाशी आई उतरल्या, फाटक उघडलं, गाडी पुढे गेली, आणि गेली ती गेलीच. दार वाजल्याचा आवाज ह्यांना वाटलं मी ऐकला, मला वाटलं ह्यांनी ऐकला. जरा वेळाने मी म्हटलं, "आई, ह्यांना सांगा, काच वर घ्या, धूळ येते आहे." काच खालीच. मला वाटलं, निरोप सुपात आहे. मग समोर ओढा आला. हे म्हणाले, "आई, तिला विचार, ह्यातून रस्ता आहे ना?" मला निरोप आला नाही, म्हणून मी उत्तर दिलं नाही. (नियम म्हणजे नियम.) उत्तर नाही म्हणजे होकार, असं समजून ह्यांनी जावईबापूंना ओढ्यात घातलं, आणि ते मधोमध बैठक मारून बसले. मागचं चाक नुसतं चिखल उडवतंय. आता मात्र दोघांनाही एकमेकांना बरंच काही कळवायचं होतं. आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून "आई" म्हटलं.

सीटवर शाल होती. पिशवी होती. आई नव्हत्या.

मग काय विचारता! "आरसा कशाला असतो?" "आणि तुला कान कशाला आहेत?" "आई तुमच्या आहेत!" "बारा महिने तुझ्या असतात, आणि आजच माझ्या?" सकाळपासूनचं साचलेलं, न पाखडलेलं, खड्यांसकट. आणि मग दोघांची नजर पुन्हा त्या शालीवर गेली. हे म्हणाले, "चल." पाणी गुडघ्यापर्यंत होतं. त्यांनी माझा हात धरला, तो पाण्याबाहेर आल्यावरही सोडला नाही. बूट-चपला हातात घेऊन आम्ही त्या धुळीच्या रस्त्याने उलटे पळत सुटलो. पळता पळता धापा टाकत हे म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून कधीही मागे वळून बघितलं, तरी सीट अशीच असणार." मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला. दुसरं काही सांगणार तरी कोणाकरवी?

एवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. चालवत होती गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक धिप्पाड बाई, आणि तिच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर, राणीसारख्या, तुमच्या मातोश्री. दोघींच्या गप्पा रंगात आलेल्या, आई मराठीत, ती तिच्या भाषेत, आणि दोघी एकमेकींना माना डोलावताहेत. आम्हाला बघताच आईंनी तोंड फिरवलं. आमच्याकडे न बघता त्या ट्रॅक्टरवालीला म्हणाल्या, "बाई, ह्या दोघांना सांगा, मी ह्यांना ओळखत नाही." ट्रॅक्टरवालीने मान डोलावली आणि आम्हाला तिच्या भाषेत हसत हसत पुष्कळ काही सांगितलं. ते काय होतं देव जाणे, पण तिनेही ते निवडून पाखडून दिलं असावं, इतकं ते गोड वाटलं.

ती ओढ्याशी आली, दोर काढायला वाकली, मग काय वाटलं कोण जाणे, गाडीत डोकावली आणि गियरशेजारचं एक गोल बटण तिने फिरवलं. जावईबापू आपले आपण उठून बाहेर आले. दिवसभर आम्ही दोनच चाकांवर हिंडत होतो! गाडीवाल्याने ते बटण सकाळीच मला दाखवलं होतं, आणि मी निरोप लगेच रवाना केला होता. मी आईंकडे बघितलं. त्या ट्रॅक्टरवालीलाच म्हणाल्या, "हिला सांगा, म्हटलं होतं की तो जरा हसला की सांगते. मेला दिवसभर हसलाच नाही, त्याला मी काय करू?"

हे तिथेच हसायला लागले. चिखलात उभे राहून, पोट धरून. मग आईही हसल्या. कालपासून आम्ही ट्रॅक्टरवालीकडेच उतरलो आहोत, आणि हे नि आई खाली अंगणात जावईबापूंना आंघोळ घालताहेत.

तर अशा ह्या आई. निरोप दडवतात, फाटकावर चढतात, परक्या बाईच्या ट्रॅक्टरवरून फिरतात. तुम्हाला झेपेल का, ते तुम्ही बघा. भावोजींना नमस्कार, आणि कंबरेला शेक सोडू नका.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. ताकाला जाऊन मी इतकी पानं भांडं लपवलं, त्याची क्षमा असावी. काल संध्याकाळी ओले मोजे शेगडीशी वाळत घालताना आईंनी माझ्याकडे एक निरोप दिला आहे. "तिला सांग, खोली सुरेख आहे. पण मी यायची नाही." एवढाच. तुम्ही इतक्या हौसेने रंग दिलात, म्हणून तुम्हाला तोंडाने सांगायची त्यांची हिंमत होत नाही. जन्मभर आमचे निरोप त्यांनी पोचवले, आज पहिल्यांदा त्यांना कोणीतरी मधे लागलं. मी माझ्या परीने पाखडलाय. तुमच्या कपाळाची आठी इथून दिसत नाही, म्हणून जरा लांबण लावली.

ता. क. दुसरा. तुम्हाला वाटेल, ह्यात मी पदरचं काही घातलं. घालायची तयारी होती, पण त्या आपणहून बोलल्या. मी मोजे तसेच टाकून बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. स्वतः, थेट.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. आम्ही रविवारी घरी पोचतो. तुम्ही रागावला असाल, तर मला कळवा, मी नीट करून त्यांना सांगेन. नसाल रागावला, तर मधे कोणी नको. आईंनाच फोन करा.